जुनं फर्निचर आणि आपण: कोणाचं कोणाशी जमलं?

हा चर्चेचा धागा काढायचं निमित्त माझं लिहायचं टेबल. बारीक पट्ट्यांचं झाकण वरून घरंगळत खाली येतं ना, तसलं. रोल-टॉप. घ्यायला गेले तेव्हा डोक्यात चित्र होतं: पितळी दिवा, सुबक चळतीत कागद आणि मान खाली घालून लिहिणारी मी. प्रत्यक्षात मी पसारेवाली बाई. महिन्याभरात त्यावर चार्जर, बिलं, अर्धवट विणलेला मफलर आणि तीन चष्मे जमले. पण बेल वाजली की झाकण ओढायचं, पसारा गायब! म्हणजे टेबल मला अगदी शोभलं, फक्त ज्या कारणासाठी घेतलं त्यासाठी नाही.

तुमचं कसं जमलं, किंवा फाटलं, ते खाली आपापल्या टोपणनावाने लिहा. कुठून आणि केवढ्याला घेतलं ते नको. शंभर वर्षांवरचं ते अँटिक आणि त्याआतलं ते विंटेज, हा वादही नको. तो व्यापाऱ्यांचा आणि जकातीचा हिशेब.

तिसरा मजला

सात फुटी, आरशाचं कपाट. दार मोजलं, भिंत मोजली, जिन्याची रुंदी मोजली. जिन्याचं वळण मोजायचं राहिलं. चौघं जण कपाटासकट मधल्या कठड्याशी अडकलो, ना वर ना खाली. आवाज ऐकून शेजारचे आजोबा बाहेर आले, जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अहो, आधी त्याचं डोकं काढा की!" वरची नक्षीची पट्टी नुसती टेकवलेली होती, उचलल्यावर हातातच आली. आत वाकून बघितलं तर कोपऱ्याकोपऱ्यात लाकडी पाचरी. त्या ठोकून काढल्यावर सगळं कपाट फळ्या-फळ्यांनी सुटलं. जुनी मोठी कपाटं पुष्कळदा अशीच बनवत म्हणे, जिने तेव्हाही अरुंदच होते.

आता जमलं का ते. कपाटाची पुढून मागेपर्यंतची खोली आतून ४२ सेंटीमीटर. हँगरला शर्ट अडकवला की दार लागत नाही, त्याला ५५ तरी हवेत. हे कपाट खुंटीच्या आणि घड्यांच्या काळातलं. मी घड्या घालणाऱ्यातला नाही. बायको आहे. कपाट आता तिचं.

भाडेकरू

अकरा वर्षांत सहा घरं. जड वस्तू ही मला शिक्षा वाटते. म्हणून माझ्याकडे जुनं असं एकच काही आहे: वाफेवर वाकवलेल्या लाकडाची, वेताच्या बैठकीची खुर्ची. थोनेट या खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची १४ नंबरची म्हणतात ती घडण, १८५९ सालची. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या करून ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. खोक्यातून येणारं, घरी जोडायचं फर्निचर आपण उगाच आपल्या पिढीचं समजतो.

माझ्या खुर्चीच्या बैठकीखाली कारखान्याचा ना शिक्का ना चिठ्ठी. आधी हिरमुसलो. मग कळलं, लाकूड वाकवण्याच्या त्या पद्धतीचं पेटंट १८६९ मध्ये संपलं आणि इतर कारखान्यांनी तश्शाच खुर्च्या भराभर काढल्या. असेना का नक्कल. दर बदलीला सगळ्यात आधी तीच नव्या घरात जाते आणि रिकाम्या खोलीत तिच्यावर बसून मी टेम्पोची वाट बघतो. बैठक सैल पडली की खालून ओल्या फडक्याने वेत भिजवून रात्रभर वाळू देतो. सकाळी ताठ. हीटरजवळ मात्र एकदा ठेवली आणि चार वेत तटातटा तुटले.

रंधा

दुरुस्तीचं काम करतो, म्हणून थोडं लांबतंय.

भाडेकरू, स्क्रू बघा. फुलीच्या खाचेचे असतील तर ते १९३०च्या दशकाच्या आधीचे नाहीत. पण त्यावरून खुर्चीचं वय ठरवू नका, स्क्रू कोणीही बदलतं. मी पहिल्यांदा खण बाहेर काढून उलटा करतो. दर्शनी बाजू सगळेच सजवतात, खणाच्या पाठीवर कोण कशाला वेळ घालवेल? खणाच्या कोपऱ्यात फळ्या एकमेकींत अडकवणारा पंख्याच्या आकाराचा सांधा म्हणजे डव्हटेल. हाताने कापलेल्या डव्हटेलच्या पाकळ्या लहानमोठ्या असतात आणि सुताराने सुईने मारलेली आखणीची रेघ अजून दिसते. यंत्राच्या पाकळ्या सगळ्या एकाच मापाच्या. गोल टेबल असेल तर फीत लावून उभं-आडवं दोन्हीकडून मोजा. लाकूड रेषांच्या आडव्या अंगाने आकसतं, त्यामुळे जुनं गोल टेबल काही मिलिमीटर लंबगोल झालेलं असतं. अगदी काटेकोर गोल निघालं तर मी जरा कान टवकारतो.

पॉलिश कसलं आहे ते कळायला न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा टेकवा. चिकट झालं तर लाखेचं. आणि लाखेचं असेल तर गरम कप ठेवल्यावर पांढरं कडं उमटणार. ज्यांच्या घरात कप कुठेही टेकवला जातो त्यांनी असल्या जेवणाच्या टेबलाचा नाद सोडावा, नाहीतर कड्यांची सवय करून घ्यावी. माझ्या घरच्या टेबलावर सात आहेत.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, घासून नवंकोरं करून द्या. मग नवंच घ्या ना!

पांढरा हात

रंधा यांचं शेवटचं वाक्य वर्मी लागलं. आजीची ड्रॉवरची पेटी मी घासून पांढरी रंगवली, कारण तेव्हा मला सगळं घर पांढरं हवं होतं. तिच्या उजव्या कडेला आजीच्या बांगड्या घासून घासून एक गुळगुळीत खळगा पडला होता. घासायच्या यंत्राने तो दोन मिनिटांत सपाट झाला. पांढऱ्या घराची हौस तीन वर्षांत फिटली.

वासाची बाधा

मला जुनं आवडत नाही, दुसऱ्याच्या घराचा वास येतो. तरीही नवऱ्याने एक खणांची पेटी आणलीच. ऊन दाखवलं, कोळसा ठेवून बघितला, थोडाफार फरक पडला. शेवटी खण आतून लाखेच्या पातळ हाताने रंगवले, तेव्हा वास आतच कोंडला गेला. आता त्यात माझे स्वेटर आहेत. मत बदललेलं नाही.

भुसा

स्टूल आणलं. पायाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. विकणारा म्हणाला, जुनी आहेत, काळजी नको. घरी काळा कागद पसरून त्यावर ठेवलं, तर आठवड्याने पायाखाली पिठासारखा बारीक भुसा. म्हणजे किडा अजून कामावर! औषधाच्या वासाने मला खोकला येतो, म्हणून प्लॅस्टिकमध्ये गच्च बांधून मित्राच्या मोठ्या फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवलं. मित्राची आई अजून विचारते, त्या स्टुलाला ताप आला होता का. कपाट असतं तर काय केलं असतं कोण जाणे. मी स्वभावाने घाबरट, त्यामुळे यापुढे फ्रीजरमध्ये मावेल एवढंच जुनं घेणार.

गजांमधली जागा

घरात पिढ्यानपिढ्यांचा लाकडी पाळणा आहे. मी त्यात वाढले, आई वाढली. माझ्या लेकीचीही नीज त्यातच, हे ती जन्मायच्या आधीपासून ठरलेलं. सातव्या महिन्यात सहज फुटपट्टी लावली: दोन गजांमधलं अंतर साडेनऊ सेंटीमीटर. अमेरिकेत १९७३ मध्ये हे अंतर जास्तीत जास्त सहाच्या आसपास ठरवलं गेलं, कारण बाळाचं अंग त्यातून निसटतं आणि डोकं अडकतं. शिवाय वर हिरव्या रंगाचे चार-पाच थर. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि दात येणारं मूल पहिल्यांदा कठडाच चावतं.

आई फार नाराज झाली. "तुम्ही सगळे काय मेलात का त्यात?" मी वाद घातला नाही. नवा आणला. जुना माझ्या खोलीत खिडकीशी आहे, त्यात लोकरीचे गुंडे असतात. लेक आता चार वर्षांची आहे. बाहुल्यांना त्यात निजवू का म्हणून रोज विचारते, आणि रोज मी आधी गुंडे बाहेर काढते.

धागाकर्ती

रंधा, तुमचं वाचून माझ्या टेबलाचा खण उलटा केला. पाकळ्या सगळ्या एकाच मापाच्या. सुईची रेघ नाही. पण खणाच्या मागे, फळीला चिकटून, एक चावी सापडली आणि ती टेबलाच्या कुलपाला लागत नाही. कपाटाची असेल का? तिसरा मजला, तुमच्या कपाटाला किल्ली आहे?