कॅल्साइटच्या रूलमध्ये सेशनची सेटिंग कशी वाचायची?

आमचं क्वेरी इंजिन अपाचे कॅल्साइटवर (क्वेरी ऑप्टिमाइझ करणारी लायब्ररी) आहे, युजरने सेट कमांड देऊन एक ऑप्टिमायझेशन बंद केलं तर ते करणाऱ्या रूलने (क्वेरीचा प्लॅन बदलणारा नियम) गप्प बसायला हवं, पण रूलचा ऑब्जेक्ट सगळ्या सेशन्सना एकच, मग सेटिंग आणू कुठून? थ्रेडलोकल (प्रत्येक थ्रेडला वेगळी व्हॅल्यू देणारं व्हेरिएबल) टाकू का?

» थ्रेडलोकल नको रे बाबा, प्लॅनिंग दुसऱ्या थ्रेडवर गेलं की बोंब. प्लॅनर (रूल्स चालवणारा भाग) बनवतानाच कॉन्टेक्स्ट (त्याच्यासोबत जाणारी माहिती) पास कर, कॉन्टेक्स्ट्स.ऑफ(सेटिंग्स) असं, आणि रूलच्या मॅचेसमध्ये कॉल.गेटप्लॅनर().गेटकॉन्टेक्स्ट().अनरॅप(तुझा क्लास) कर. रूलचा स्वतःचा कॉन्फिग असतो त्यात सेशनचं काही कोंबू नकोस, तो रूलसोबत कायमचा चिकटतो.

» वरचं बरोबर, फक्त हेपप्लॅनर (कॅल्साइटचा एक प्लॅनर) नुसता प्रोग्रॅम (कोणते रूल्स कसे चालवायचे ते) देऊन बनवलास तर कॉन्टेक्स्ट रिकामा असतो, अनरॅप नल देतं आणि नलपॉइंटरची एरर खाशील. व्होल्कॅनोला (कॅल्साइटचा दुसरा प्लॅनर) दिलास म्हणून हेपला आपोआप मिळत नाही, दोघांना वेगवेगळा द्यावा लागतो.

» भारी, चाललं! हेपलाच द्यायचा राहिला होता. पण सेटिंग बदलली तरी जुनाच प्लॅन येतोय?

» प्लॅन कॅश (बनवलेले प्लॅन पुन्हा वापरायला साठवणं) आहे ना तुमचा? मग ती सेटिंग कॅशच्या की (key) मध्ये घाल, नाहीतर एकाचा प्लॅन दुसऱ्याच्या गळ्यात.