शेगडी, हॉब की इंडक्शन? आपापल्या ओट्यावरचे अनुभव

स्वयंपाकघराचे काम निघाले की फरशी, रंग आणि कपाटांच्या मुठी यांवर घरात आठवडेच्या आठवडे चर्चा होते. शेगडीचा निर्णय मात्र दुकानात उभ्याउभ्या, विक्रेता जे पुढे करील त्यावरून घेतला जातो. माझे मत असे आहे की शेगडीची निवड तिच्या काचेवरून करायची नसते. आपल्या घरात रोज काय शिजते, भांडी कोणत्या धातूची आहेत आणि ओट्यापर्यंत कोणती नळी व किती ताकदीची वायर पोचली आहे, यांवरून ती करायची असते. म्हणून ज्यांनी साधी शेगडी, ओटा कापून बसवलेला हॉब, इंडक्शन किंवा इन्फ्रारेड (काचेखाली लाल होणाऱ्या तारांची विजेची शेगडी) यांपैकी काहीही पुरेसे वापरले आहे, त्यांनी या माहितीसह लिहावे, अशी विनंती आहे. कोणती कंपनी चांगली, ही चर्चा येथे नको.

सुरुवात मीच करतो. मी डोंबिवलीत राहतो आणि आमच्या इमारतीत पाइपचा गॅस आल्यावर आम्ही जुनी सिलिंडरवरची शेगडीच पुढे वापरली. पाइपमधून येतो तो मुख्यतः मिथेन. तेवढ्याच आकारमानात त्याची उष्णता सिलिंडरमधल्या प्रोपेन-ब्यूटेनपेक्षा बरीच कमी असते आणि त्याचा दाबही कमी ठेवलेला असतो, त्यामुळे शेगडीच्या जेटचे, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोटीचे, छिद्र मोठे करावे लागते. जोडणीला आलेल्या माणसाने ते काम केले, पण त्यानंतर मोठ्या बर्नरची ज्योत पिवळसर होऊन पातेल्यांचे बूड काळे पडू लागले. पुन्हा बोलावून जेट बदलून घेतले आणि हवेची झडप जुळवली, तेव्हा ज्योत निळी झाली. नवीन शेगडी घेणाऱ्यांनी ती सिलिंडरसाठी आहे की पाइपच्या गॅससाठी, हे खोक्यावर आधी वाचावे. पाइपच्या गॅससाठी मुळातच बनवलेली शेगडी मिळत असताना छिद्र कोरून घेण्यात अर्थ नाही. इतरांकडून आलेले अनुभव पुढे त्यांच्या गावाच्या नावाखाली आहेत.

कोथरूड, पुणे

मॉड्युलर किचन करताना आम्ही चार बर्नरचा, ७५ सेंटिमीटर रुंदीचा हॉब बसवला. त्याचा खरा फायदा दिसण्यात नसून उंचीत आहे: शेगडीचे पाय आणि पेटी गेल्यामुळे मोठ्या कुकरमध्ये डावाने ढवळताना खांदा वर उचलावा लागत नाही, आणि माझ्यासारख्या बुटक्या बाईला हे रोज जाणवते. आता ज्या गोष्टी दुकानात कोणी सांगत नाही त्या लिहिते. ग्रॅनाइटमध्ये जो चौकोन कापतात त्याचे माप प्रत्येक मॉडेलचे वेगळे असते, त्यामुळे हॉब आधी घरात आणून त्याच्या मापानेच दगड कापून घ्यावा. पुढे हॉब बदलायची वेळ आली आणि नव्याचे माप लहान निघाले, तर कापलेला दगड परत जोडता येत नाही. हॉबखाली ड्रॉवर हवे असतील तर त्याच्या पेटीची खोली आणि गॅसची नळी वळण्यासाठी लागणारी जागा सुताराला आधीच दाखवावी.

सुरक्षिततेबद्दलही थोडे लिहायला हवे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाली तर तो तळाशी साचतो, म्हणून हॉबखालचे कपाट पूर्ण बंद न ठेवता खालच्या बाजूस जाळी किंवा भोके ठेवलीच पाहिजेत. शेगडीची नळी रोज डोळ्यांसमोर असते, हॉबची कपाटात दडते, त्यामुळे ती तपासायचे राहून जाते. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. आम्ही बदलल्याची तारीख कपाटाच्या दाराला आतून लिहून ठेवली आहे.

ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी सोय आमच्या हॉबला आहे आणि खिडकी उघडी ठेवणाऱ्या घरात ती असावीच. बर्नरशेजारी एक बारीक दांडी असते, ती तापलेली राहते तोवरच गॅस सुरू राहतो. पेटवताना नॉब काही सेकंद दाबून धरावा लागतो, आणि दूध उतू जाऊन त्या दांडीवर करपले की नॉब सोडताच ज्योत विझते. अशा वेळी मेकॅनिकला बोलावण्याआधी हॉब थंड झाल्यावर ती दांडी कोरड्या घासणीने हलकेच पुसून पाहावी. चहाचे छोटे भांडे हॉबच्या जाड बिडाच्या जाळीवर डगमगते, हा मात्र आमचा न सुटलेला प्रश्न आहे. त्यासाठी वेगळी छोटी जाळी वर ठेवावी लागते.

सांगली

आमच्या घरी दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी होते, त्यामुळे आमच्यापुढे निवडीचा प्रश्न फारसा आलाच नाही. तव्यावर टाकलेल्या भाकरीला पाणी लावायचे, ते सुकत आले की उलटायची, आणि दुसरी बाजू झाली की तवा बाजूला सारून ती थेट ज्योतीवर फुगवायची, ही सवय हाताला लागलेली आहे. त्यासाठी स्टीलची दोन बर्नरची शेगडी उत्तम. उचलून खालचा ओटा धुता येतो आणि कोणताही स्थानिक मेकॅनिक ती उघडतो. तीन बर्नरची शेगडी घेणाऱ्यांना एकच सांगणे आहे: दुकानातच दोन्ही बाजूंना आपल्या घरच्या मापाचा कुकर आणि कढई ठेवून पाहावी. मधल्या बर्नरवर मग दुधाचे पातेलेही नीट बसत नाही; अशा शेगड्या कागदावर तीन बर्नरच्या असतात, वापरात अडीच.

नागपूर

माझी आई ऐंशीच्या पुढची आहे आणि एकटी राहते. गॅस सुरू ठेवून ती देवघरात जाऊन बसते, हे शेजाऱ्यांच्या दोनदा लक्षात आल्यावर आम्ही तिला इंडक्शन आणून दिले. ठरावीक वेळेनंतर ते बंद होते आणि भांडे उचलले की तापणेच थांबते, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. अडचण निघाली ती सपाट बटनांची: काचेवर सगळी अक्षरे इंग्रजी, बोटाला काहीच लागत नाही, आणि ओले बोट लागले तर यंत्र शिट्टी वाजवून बंद होते. शेवटी आईनेच उपाय काढला. चालू-बंदच्या बटनाशेजारी तिने लाल मखमली टिकली चिकटवली आणि वेळेच्या बटनाशेजारी हिरवी. आता चष्मा नसला तरी बोटाने चाचपून ती नेमके बटन शोधते. ज्येष्ठांसाठी घेणार असाल तर फिरवायचा नॉब असलेले यंत्र शोधावे, ते थोडे महाग असले तरी घ्यावे. पितळेची आणि अॅल्युमिनियमची भांडी मात्र तिला बाजूला ठेवावी लागली. याचे तिला वाईट वाटले, कारण त्यांतली काही तिच्या लग्नातली आहेत.

(येथे मी मध्येच लिहितो, कारण भांड्यांबद्दल बऱ्याच जणांनी विचारले आहे. इंडक्शनमध्ये काचेखालच्या तारेच्या वेटोळ्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि उष्णता थेट भांड्याच्या बुडातच तयार होते. त्यासाठी बुडाला लोहचुंबक चिकटला पाहिजे. अॅल्युमिनियम, तांबे, पितळ चालत नाही; पुष्कळदा भारी प्रतीचे स्टीलही चालत नाही, कारण त्यातल्या निकेलमुळे ते चुंबकाला ओढले जात नाही. बिडाचा आणि लोखंडाचा सपाट तवा मात्र फार छान चालतो, फक्त तो काचेवरून ओढू नये. फ्रिजवर लावायचा चुंबक खिशात घालून भांडी आणायला जावे.)

नाशिक

आम्ही पंतप्रधान सूर्यघर योजनेतून छतावर ३ किलोवॉटचे सौर पॅनेल बसवले, ७८,००० रुपये अनुदान मिळाले, आणि उन्हाळ्यात वीज शिल्लक राहू लागल्यावर एका वेळी दोन भांडी ठेवता येणारे इंडक्शन घेतले. ज्यांच्याकडे सौर वीज नाही त्यांनी हिशेब नीट करावा, म्हणून माझा मांडतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये विजेच्या सुमारे १८० युनिटांइतकी उष्णता असते. प्रमाणित शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते, म्हणजे भांड्यात सुमारे १२० युनिट पोचतात. इंडक्शनची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर तेवढ्याच स्वयंपाकाला १४० युनिटांच्या आसपास वीज लागेल. सिलिंडर दीड महिना पुरत असेल तर महिन्याला ९० ते ९५ युनिट वाढले. आपले आधीचे बिल १०० युनिटांच्या जवळ पोचलेले असेल तर ही जवळजवळ सगळी वाढ महावितरणच्या १०१ ते ३०० युनिटांच्या टप्प्यात जाऊन पडते आणि तेथे दर एकदम चढतो. त्यामुळे सिलिंडरच्या किमतीची तुलना पहिल्या टप्प्याच्या दराशी करणाऱ्या जाहिरातींवर जाऊ नये. आपल्या बिलावरचा शेवटच्या युनिटाचा दर पाहावा.

दुसरी गोष्ट वायरिंगची. २००० वॉटचे इंडक्शन जवळजवळ ९ अँपिअर घेते, म्हणून मिक्सरच्या ६ अँपिअरच्या प्लगवर ते लावू नये. १६ अँपिअरचा प्लग, त्याला स्वतंत्र वायर आणि चांगले अर्थिंग हवे. जुन्या घरात हे काम करून घ्यायचा खर्च इंडक्शनच्या किमतीएवढा होऊ शकतो.

स्टुटगार्ट, जर्मनी

येथे भाड्याच्या घरांत गॅस फारच कमी दिसतो. आमच्या पहिल्या घरात काचेखाली लाल होणाऱ्या तारांची शेगडी होती, आताच्या घरात इंडक्शन आहे, आणि दोन्ही दिसायला हुबेहूब सारखी असली तरी मराठी स्वयंपाकाला ती अगदी वेगळी वागतात. तारांच्या शेगडीवर भारतातून आणलेली अॅल्युमिनियमची कढई चालत असे. तापलेल्या काचेवर बारीक पायांची जाळी ठेवली तर फुलकाही फुगत असे. पण आच कमी केली तरी काच तापलेलीच राहते, त्यामुळे दूध वर आले की नॉब फिरवून उपयोग नसतो, पातेलेच उचलावे लागते. याचा फायदाही घेता येतो: भात होत आला की शेगडी बंद करून टाकावी, उरलेल्या उष्णतेवर तो सुरेख मुरतो. इंडक्शनवर आच लगेच कमी होते, मात्र भांड्याशिवाय उष्णताच नसल्यामुळे जाळीवर फुलका फुगण्याचा प्रश्नच येत नाही. आम्ही तव्यावरच फडक्याने दाबून फुगवतो आणि तो पुरेसा चांगला होतो.

काचेची शेगडी कोणतीही असो, गुळाच्या पाकाला जपावे. चिक्की करताना पाक काचेवर सांडला आणि तो तसाच थंड झाला, तर काढताना काचेचा टवका त्याच्याबरोबर निघू शकतो. तो गरम असतानाच, हात सांभाळून, काचेसाठी मिळणाऱ्या पात्याच्या खरवडणीने काढून टाकावा लागतो.

मडगाव, गोवा

आमच्याकडे हुमण, म्हणजे माशांचे कालवण, मातीच्या भांड्यातच होते, आणि मातीचे भांडे इंडक्शनला दिसतच नाही. विक्रेत्याने लोखंडी चकती मध्ये ठेवून पाहा असे सुचवले. चकती भयंकर तापते, भांडे मात्र हळू तापते आणि यंत्र मध्येच बंद पडते. गॅसच बरा. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा तर दुसरा विचारही मनात येत नाही.

हिंजवडी, पुणे

भाड्याच्या घरात राहत असल्यामुळे ओटा कापण्याचा प्रश्नच नव्हता. दोन बर्नरची शेगडी आणि शेजारी एक इंडक्शन, अशी आमची जोडी आहे. सकाळी कुकर आणि दूध इंडक्शनवर जाते, पोळ्या, भाजी आणि भरिताचे वांगे गॅसवर. सिलिंडर पूर्वीपेक्षा बरेच दिवस पुरतो आणि तो मध्येच संपला तरी डबा अडत नाही. आमचे इंडक्शन स्वस्तातले आहे, त्यामुळे मंद आचेवर ते सतत कमी ताकद न देता चालू-बंद होत राहते. खीर आटवायला ते कामाचे नाही, दर काही सेकंदांनी उकळी येते आणि बसते. पंख्याचा आवाजही होतो. एक विचारायचे आहे: फोडणीची लहान कढली इंडक्शनवर ठेवली तर ते सुरूच होत नाही, यावर कोणाकडे उपाय आहे का?

(याचे उत्तर मीच देतो. बुडाचा व्यास साधारण १२ सेंटिमीटरपेक्षा कमी असला तर बरीचशी यंत्रे भांडे आहे असे मानतच नाहीत. सपाट बुडाची, चुंबक चिकटणारी थोडी मोठी कढई फोडणीसाठी घ्यावी आणि तेल एका कडेला जमवावे. नाहीतर फोडणीपुरता गॅस पेटवावा. स्टुटगार्टची तारांची शेगडी सोडली तर इन्फ्रारेड वापरणाऱ्या कोणीच अजून लिहिलेले नाही. त्यावर वांगे भाजून पाहिलेल्यांनी, काच पुसायला किती वेळ लागला त्यासह, अवश्य लिहावे.)