जनरेटरची ६० लिटरची टाकी पुरत नाही, डिझेलचा साठा कसा वाढवावा?

समुद्रकाठ
मंडळी, घर दापोली तालुक्यात. जनरेटर १० केव्हीए, दोन सिलिंडर, एअर-कूल्ड, खालची बेस टाकी ६० लिटरची. सरासरी लोड ३ किलोवॉट: फ्रिज, विहिरीवरचा एक एचपीचा पंप, पंखे, दिवे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर या पट्ट्यात कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती आणि झाडं आडवी पडून रस्तेही बंद होते. म्हणून पंधरा दिवसांची तजवीज हवी आहे. शेडच्या माळ्यावर ५०० लिटरची टाकी बसवून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपने थेट इंजिनच्या फिल्टरला जोडायचा विचार आहे. चालेल का? आणि लायसन्स लागतं का?

नोझलवाला
आधी हिशेब करा. ३ किलोवॉटला तासाला सव्वा ते दीड लिटर जातं. रोज ८ तास चालवलात तर १० ते १२ लिटर, म्हणजे पंधरा दिवसांना १५० ते १८०. बेस टाकीतले ६० धरून बाहेर २०० लिटरचं एक पिंप पुरतं. ५०० लिटर भरलंत तर एरवीच्या तुरळक भारनियमनात ते दोन-दोन वर्षं संपणार नाही आणि डिझेल पडून खराब होईल.

माळ्यावरची टाकी कृपा करून नको. कारणं तीन. पाइपला चीर गेली की सगळी टाकी तापलेल्या इंजिनावर रिकामी होते. इंजिनच्या डिझेल पंपाचं सील किंवा इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग) जरा जरी गळत असेल, तर वरच्या दाबाने डिझेल इंजिनच्या तळाच्या चेंबरमधल्या ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, ऑइलला डिझेलचा वास आला, की समजायचं हेच झालंय. तसंच चालवलं तर बेअरिंग जातात. तिसरं म्हणजे रिटर्न लाइन. इंजेक्टरकडून परत येणारं डिझेल बेस टाकीतच पडत राहतं, पण इंजिन पितंय वरच्या टाकीतून. मग बेस टाकी हळूहळू भरून ओसंडते.

जीआय पाइप अजिबात नको. आतल्या जस्ताशी डिझेलची प्रक्रिया होऊन साबणासारखा चिकट थर धरतो, तो फिल्टरमध्ये आणि नोझलवर बसतो. तांब्या-पितळेनेही डिझेल लवकर बिघडतं. काळा एमएस (साधा, जस्त नसलेला पोलादी) पाइप किंवा डिझेलसाठीचा नायट्राइल रबरी होज घ्या. पारदर्शक प्लास्टिकची नळी वर्ष-दीड वर्षात कडक होऊन तडकते.

लायसन्सचं: डिझेल ‘ब’ वर्गातलं पेट्रोलियम. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार एका जागी एकूण २५०० लिटरपर्यंत आणि कोणतंही एक भांडं १००० लिटरच्या वर नसेल, तर साठ्याला लायसन्स लागत नाही. तुमचं पिंप त्यात सहज बसतं. तरी घराच्या विम्यात साठा कळवून ठेवा.

समुद्रकाठ
धन्यवाद, माळा रद्द. मग पिंपातून बेस टाकीत डिझेल कसं आणायचं? १२ व्होल्टचा पंप लावून फ्लोटवर (टाकी भरली की पंप बंद करणाऱ्या तरंगत्या स्विचवर) ऑटो करावं का?

शेडमधला
घरच्या सेटला ऑटो नकोच. फ्लोट अडकला की पंप थांबत नाही आणि रात्रीतून पिंपभर डिझेल जमिनीवर. करायचंच असेल तर पहिल्याच्या वर दुसरा बंद-फ्लोट हवा, आणि बेस टाकीतून पिंपात परत जाणारा ओव्हरफ्लो पाइप भरणाऱ्या पाइपापेक्षा जाड हवा. पण मग पिंप खाली आणि टाकी वर अशीच मांडणी लागते. तुमची टाकी तर जमिनीलगत आहे.

त्यापेक्षा पिंपाच्या दोन इंची बुचात हाताने फिरवायचा रोटरी पंप बसवा. त्याची नळी तळापासून ५ सेंटिमीटर वर राहील अशी कापा, म्हणजे तळाचं पाणी आणि गाळ ओढला जात नाही. इंजिन बंद करा, थंड होऊ द्या, मग भरा. इंजिनच्या मूळ लाइनला हात लागत नाही, त्यामुळे हवा धरण्याचा प्रश्नच येत नाही. टाकी काठोकाठ भरू नका: २० अंश तापमान वाढलं तर ६० लिटर डिझेल एक लिटरने फुगतं.

पिंपाभोवती विटांचा प्लास्टर केलेला हौद बांधा. आतून १ बाय १ मीटर आणि उंची २५ सेंटिमीटर केली की २५० लिटर मावतात, अख्खं पिंप फुटलं तरी आतच राहतं. पिंप हौदात ३० सेंटिमीटर उंच स्टँडवर. वर छप्पर हवंच, नाहीतर पहिल्याच पावसात हौद पाण्याने भरेल. भरलेलं पिंप १८५ किलोच्या आसपास जातं, स्टँड त्या हिशेबाने अँगलचा करा. सायलेन्सरपासून निदान ३ मीटर लांब.

नोझलवाला
अगदी बरोबर. एक भर: कोकणात खरा शत्रू पाणी आहे. अर्धवट पिंप दिवसा तापतं, रात्री निवताना दमट हवा आत घेतं, आणि तेच पाणी तळाला साचतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढून काळी बुळबुळीत साय धरते. सेट सुरू होऊन दहा मिनिटांत दम टाकायला लागला की फिल्टर उघडा, हीच साय दिसेल. म्हणून मे महिन्यात पिंप भरून ठेवा आणि बुचं घट्ट आवळा. भरण्याआधी पाणी दाखवणारी पेस्ट काठीच्या टोकाला लावून तळाला टेकवा. रंग बदलला तर तळचे दोन-तीन लिटर उपसून काचेच्या बाटलीत तासभर ठेवून बघा.

आणि बेस टाकी नेहमी पिंपातूनच भरत जा, नवं डिझेल पिंपात. सहा महिन्यांत साठा एकदा फिरला पाहिजे. सलग आठ तास चालवणार असाल तर डिझेलसोबत इंजिन ऑइलही जवळ ठेवा, एअर-कूल्ड सेटची डिपस्टिक रोज बघावीच लागते.