कोर्टात होते ती चेष्टा, थट्टा की नुसतीच खसखस?

शंकासूर, सातारा

बांधाच्या दाव्यात परवा आमच्या तात्यांची (थोरले चुलते, वय 78, सगळा जन्म खटाव तालुक्यात) उलटतपासणी झाली. समोरच्या वकिलांनी विचारलं, "सदरची नांगरट तुमच्यासमोर झाली का?"

तात्या म्हणाले, "समोर न्हाय साहेब, पाठीमागं झाली. मी म्हशीची धार काढत हुतो. ट्रॅक्टरचा आवाज आला तवा मान वळवून बघितली."

कोर्टात खसखस पिकली. जज्जसाहेबांनीही फाइलमध्ये तोंड घातलं. वकील मात्र तापले, "साक्षीदार कोर्टाची चेष्टा करतोय!" तात्यांनी हात जोडले, "चेष्टा न्हाय ओ. म्हसच तिकडं तोंड करून उभी, मी काय करू?"

घरी वेगळाच दावा उभा राहिला. पुण्यातली बहीण म्हणते, 'चेष्टा' हा अपमानाचा शब्द, वकिलांनी वापरायलाच नको होता. तात्यांना त्यात काहीच वाटलं नाही. मग तात्यांनी केलं त्याला म्हणायचं काय? विनोद म्हणावं, तर तो माणूस ठरवून करतो.

कृष्णाकाठ

बहिणीचंही बरोबर, तात्यांचंही. संस्कृतात चेष्टा म्हणजे नुसती हालचाल, खटपट. हिंदीत आजही 'प्रयत्न' याच अर्थी चालतो. मराठीत तो टिंगलीकडे वळला, पण आपल्या सातारा-सांगलीकडे त्याची धार बोथट झालीय. "चेष्टा करतोस व्हय रं?" म्हणजे "खरं सांगतोयस का?" एवढंच. पुणेकर तिथं 'गंमत' म्हणेल, मुंबईकर 'मस्करी'. अर्थात पेपरात 'चेष्टेतून हाणामारी' अशी बातमी आपल्याच भागातून येते, तेव्हा धार अगदीच गेली असंही नाही.

थट्टेचं वेगळं. थट्टेला नातं लागतं. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी. परक्याची कुणी थट्टा करत नाही. म्हणून बघा, बाहेरचा माणूस करतो ती 'कोर्टाची चेष्टा', आणि न्याय ज्यांच्या हाती तेच करतात ती 'न्यायाची थट्टा'. उलट करून म्हणा, कानाला खटकेल.

जुना लघुलेखक

कोर्टात 31 वर्षं टंकलेखन केलं, म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी हे घ्या की दिवाणी दाव्यात हशा पिकतो तो उलटतपासणीतच. 2002 पासून सरतपासणी, म्हणजे साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूनेच घेतलेली त्याची साक्ष, प्रतिज्ञापत्रावर येते. ते वकिलाच्या ऑफिसात तयार होतं आणि त्यात साक्षीदार "मी सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की" अशा भाषेत बोलतो. त्या भाषेत आजवर कुणी हसलेलं नाही. उलटतपासणीला उभा राहिला की पहिल्यांदा माणसाचा स्वतःचा आवाज ऐकू येतो.

पण तोही कागदावर उतरत नाही. दिवाणी कोर्टात जबानी साधारणपणे प्रश्नोत्तरांत नाही, निवेदनाच्या रूपात लिहितात. प्रश्न गळतो, उत्तर उरतं. आणि वकिलाने सुचवलेलं साक्षीदाराने नाकारलं की साचा ठरलेला: "असे म्हणणे खरे नाही की…" साक्षीदार "तुमच्या आज्ज्यानं बघितलं हुतं का?" म्हणाला तरी टाइप होतं "असे म्हणणे खरे नाही की". माझ्या बोटांखालून असे शेकडो विनोद गेले आणि एकही कागदावर उरला नाही.

आता तात्यांचं. त्यांच्या उत्तरातला पहिलाच तुकडा टाइप झाला असेल तर वाक्य होतं, "नांगरट माझ्यासमोर झाली नाही." गंमत तर गेलीच, साक्षही गेली! कोर्टाच्या भाषेत 'समोर' म्हणजे 'समक्ष', तात्यांच्या भाषेत 'समोर' म्हणजे नाकासमोर. विशेष कारण असेल तर एखादा प्रश्न आणि त्याचं उत्तर जसंच्या तसं उतरवून घेण्याची सोय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 18, नियम 10 मध्ये आहे. तुमच्या वकिलांनी तिथल्या तिथं ती मागायला हवी होती. साक्षीदाराच्या वागण्याबोलण्याबद्दल न्यायाधीशांना शेराही लिहिता येतो, त्याच आदेशाचा नियम 12. माणूस हसत उत्तर देत होता हे कागदावर येण्याची ती एक फट. पण तिथून बहुधा "साक्षीदार उत्तर देण्याचे टाळतो" असलंच काही आत येतं.

माहुलीचा पाहुणा

रामशास्त्र्यांच्या गावचे आम्ही. 'रामशास्त्री बाणा' म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो न हसणारा चेहरा, त्यामुळे फाइलमध्ये तोंड घालणारे साहेब मला फार आवडले. बातमीदार असता तर छापून आलं असतं, 'न्यायाधीशांचे मिश्कील हास्य'. पेपरवाले खुर्चीतल्या माणसाला कायम 'मिश्कील' म्हणतात. तेच वकील बोलला तर 'खोचक', आणि पिंजऱ्यातला बोलला तर 'उद्धट'. शब्द बोलण्यावरून नाही, उभं राहण्याच्या जागेवरून ठरतो.

बाररूममधला चहा

वकिलांची बाजू घेतो, थोडीच. चालू कामात न्यायाधीशाचा अपमान किंवा व्यत्यय हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 228, आता न्याय संहितेचं 267, सहा महिन्यांपर्यंत साधी कैद. पण तो जाणूनबुजून केलेला हवा. म्हशीच्या तोंडाची दिशा तात्यांनी ठरवलेली नाही, म्हणजे चेष्टेचा आरोप तिथंच गळतो. आणि साक्षीदाराला नुसतं डिवचायला, हिणवायला विचारलेला प्रश्न थांबवणं हे कोर्टाचं काम, हेही त्याच वकिलांनी वाचलं असेल.

खसखशीबद्दल कुणीच बोललं नाही! हशा मोकळा असतो, एकाचाही असू शकतो. खसखस मात्र दाबलेली, बारीक, एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जाणारी. मोठ्यानं हसायची चोरी असते तिथंच ती पिकते: वर्ग, कीर्तन, कोर्ट. म्हणून शंकासूर यांनी पहिल्याच पत्रात नेमका शब्द टाकलाय. फक्त एक सांगून ठेवतो. 1985 च्या अंमली पदार्थ कायद्यात अफूच्या बोंडातलं बी, म्हणजे आपली खसखस, वगळलेलं आहे. पण झाड लावायला परवाना लागतो. तेव्हा 'तात्यांनी कोर्टात खसखस पिकवली' असं लेखी कुठं देऊ नका.

शंकासूर, सातारा

लघुलेखक काका, तुमचं वाचून पोटात गोळा आला. वकिलांना फोन केला. ते म्हणाले, पुढचं वाक्यही टाइप झालंय बहुतेक, नक्कल काढून बघू. सोमवारी नक्कलेचा अर्ज टाकतोय. गावात मात्र पारावर तात्यांची नक्कल कालपासूनच चालू आहे. म्हशीचं काम धाकट्या चुलत्यांचा पोरगा करतो.