देवाला ‘बाप’ म्हणताना: कालच्या लेखनाला उत्तर

मिरजकर: ज्याला प्रार्थनेत देवापुढे लेकरासारखे मोकळे होता येत नाही, त्याचा विश्वास कच्चा आहे, आणि छापील प्रार्थना म्हणजे परक्या साहेबाला केलेला अर्ज होय, असे काल कृष्णाकाठ यांनी येथे लिहिले. ते वाचून राहवले नाही. शुभवर्तमानांत येशूची ‘अब्बा, बापा’ ही हाक एकदाच नोंदलेली आहे, ती गेथशेमाने बागेत (मार्क १४:३६). आणि त्याच दमात त्याने जो मरणयातनेचा प्याला दूर करण्याची विनवणी केली, तो प्याला काही दूर झाला नाही. बाप प्रेमळ आहे, तेव्हा मागितले ते मिळालेच पाहिजे, असा हिशेब मांडणाऱ्यांनी तो अध्याय शेवटपर्यंत वाचावा. राहिला छापील प्रार्थनेचा मुद्दा: शिष्यांनी ‘आम्हांला प्रार्थना करायला शिकवा’ म्हटल्यावर प्रभू येशूने त्यांना शब्दच दिले होते.

कृष्णाकाठ (सांगली): मागितले ते मिळते, असे मी कोठे लिहिले? येशूच्या दाखल्यातील उधळ्या पुत्राचा बाप, घर सोडून गेलेला तो मुलगा परतताना दुरून दिसताच धावत सुटला. मुलाने पाठ करून आणलेली वाक्ये त्याने पुरती ऐकूनही घेतली नाहीत. हे लूकच्या १५व्या अध्यायात आहे, माझ्या पदरचे नाही.

एक वाचक, कोरेगाव: आपण दोघेही वचने फेकता आहात, म्हणून लिहिते. पगाराच्या दिवशी वडील पिऊन येत, तेव्हा आई आम्हा बहिणींना माळ्यावर चढवून शिडी वर ओढून घ्यायला सांगत असे. तेथे बसून आम्ही ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणत असू. हा बाप स्वर्गात आहे, शिडी मागणार नाही, एवढाच मला दिलासा होता. माझा विश्वास कच्चा की पक्का, हे आपण ठरवू नये.

कृष्णाकाठ: ताई, आपल्या दुःखाचा अनादर नाही, पण आपल्या वडिलांवरून देव मापायचा नसतो. ‘तुम्ही वाईट असताही’ मुलांना चांगल्या देणग्या देता, असे मत्तय ७:११ मध्ये प्रभूच बापांना सुनावतो.

फलटणकर: मग बापावरच का अडता? यशया ६६:१३ मध्ये देव आईसारखे सांत्वन करीन म्हणतो. साताऱ्यात १९१७ साली ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा स्थापणाऱ्या ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला आई म्हणून आळवले. लोणंद-तरडगावावरून माउलींची पालखी जाते त्या मुलखात हे कोणाला समजावून सांगावे लागते, याचेच नवल वाटते.

मिरजकर: टिळकांनी आई म्हटले ते ख्रिस्ताला. प्रार्थना पित्याला करायची, ही प्रभूची आज्ञा आहे. ती पालखीच्या वाटेवरून ठरत नाही.

फलटणकर: तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे सांगणाऱ्या टिळकांना हे ऐकवण्याचे धाडस आपण केले असते काय? मिशनऱ्यांचा पोशाख गेला, ताठा तेवढा राहिला.

मिरजकर: व्यक्तिगत होऊ नका. आईची उपमा पवित्र शास्त्रात आहे, हे मी केव्हा नाकारले? आळवा हवे तसे. उपासनेत मात्र जे शिकवले आहे तेच म्हणावे.

एक वाचक, कोरेगाव: मी अजूनही पिताच म्हणते. आई त्या वेळी खाली दाराशी एकटी उभी असे. तिच्यासाठी मागायला त्या घराबाहेरचा कोणी तरी हवा होता.

कृष्णाकाठ: ‘कच्चा’ हा शब्द एवढा टोचत असेल, तर तो माझ्या लेखनातून खुशाल वगळून वाचा. छापील प्रार्थनेबद्दलचे मत मात्र कायम आहे. आमच्या मंडळीत पापकबुली कशी एका दमात उरकली जाते, ते मिरजकरांनी एखाद्या रविवारी येऊन ऐकावे.