कष्ट आणि सेवा पुरेशी, की विक्रीकलाही हवी? किर्लोस्करांच्या नांगरावरून

कृष्णाकाठ (धागाकर्ता)
धंद्यात यश मिळते ते कष्टाने आणि सचोटीने, विक्रीची कला ही फार तर वरकड बाब, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. मला ते पटत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर तयार केला तेव्हा मेहनतीत कसलीही कसूर नव्हती. तरीही लोखंडाने जमिनीत विष पसरते या समजुतीमुळे शेतकरी त्याला हात लावायला तयार नव्हते. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानातल्या जागेवर किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले, ते मुळात कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेण्यासाठी. त्या मासिकाला आपण वाङ्मयाच्या इतिहासात मानाचे पान देतो, पण त्याचा जन्म विक्रीसाठी झाला हे सांगताना संकोचतो.

काळे_रान
शेतकऱ्याच्या नकाराला केवळ अंधश्रद्धा म्हणणे अन्यायाचे आहे. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर घडवून देत असे आणि मोडला तर गावातच दुरुस्त होत असे; लोखंडी नांगराला रोख रक्कम लागे, जड असल्याने बैलही जास्त लागत, आणि फाळ झिजला तर नवा कुठून आणायचा हा प्रश्न उरेच. असा माणूस वर्णन ऐकून भुलत नाही. शेजारच्या रानातली हरळी मुळासकट निघालेली पाहिल्यावर आणि सुटे भाग मिळण्याची खात्री पटल्यावरच तो पैसे मोजतो. शिवाय ‘खबर’ निघाले ते नांगरानंतर सतरा वर्षांनी! तोवर कारखाना उभा राहिला होता, आणि ज्याला नांगर घ्यायचा त्यांपैकी वाचता येणारे किती होते, हेही विचारात घ्यावे.

सदाशिव_पेठी
किर्लोस्करवाडीपासून जवळच असलेल्या भिलवडीत चितळ्यांनी १९३९ मध्ये दुधाचा व्यवसाय सुरू केला. त्यांची पुण्यातली दुकाने अनेक वर्षे दुपारी एक ते चार बंद राहत आणि त्यावर विनोदही पुष्कळ झाले, पण चार वाजता दारात रांग असायचीच. गिऱ्हाइकाची मनधरणी हीच विक्रीकला असेल, तर तिच्यावाचून काही अडत नाही असे दिसते.

गिरणगावकर
२०१७ मध्ये तीच दुकाने दुपारीही उघडी राहू लागली, हे आपण सोयीस्करपणे वगळले आहे. नुसत्या सेवेवर चालणाऱ्या व्यवसायाचे उदाहरण हवे असेल तर मुंबईच्या डबेवाल्यांचे घ्या. महादू बच्चे यांनी १८९० मध्ये घालून दिलेल्या या कामात वक्तशीरपणाला तोड नाही. तरीही २०२० मध्ये कार्यालये बंद पडली तेव्हा त्या वक्तशीरपणाने नवे गिऱ्हाईक मिळवून दिले नाही. सेवा असलेले गिऱ्हाईक टिकवते. नवे शोधणे हे निराळे काम आहे आणि ते कोणाला तरी करावेच लागते.

कृष्णाकाठ
काळे_रान, आपले उत्तर माझ्याच बाजूचे आहे. हरळी निघालेली दिसावी म्हणून कोणीतरी नांगर त्या रानात नेऊन चालवला पाहिजे, शंका ऐकून घेतल्या पाहिजेत आणि सुट्या भागांची हमी दिली पाहिजे. विक्रीकला म्हणून मला हेच अभिप्रेत आहे, गोड बोलणे नव्हे.

काळे_रान
व्याख्या एवढी सैल केली तर वाद उरणारच नाही. आजचे चित्र पाहा. औषधाच्या कंपनीचा प्रतिनिधी पेरणीच्या आधी बांधावर येतो, कृषी सेवा केंद्राचा मालक एका रोगासाठी तीन बाटल्या हातात ठेवतो आणि पीक हातचे गेले की दोघेही हवामानाकडे बोट दाखवतात. त्या प्रतिनिधीला प्रोत्साहन भत्ता मिळतो तो खपाच्या उद्दिष्टावर. पीक काढणीला आल्यावर बांधावर परत येण्यासाठी त्याला कोणी काही देत नाही. गावात ज्याला लोक हुशार विक्रेता म्हणतात तो हाच, आणि आपण वर्णन केलेला माणूस बहुधा त्याच कंपनीत उद्दिष्ट पुरे न केल्यामुळे बोलणी खात असेल.