युगांडातल्या खेड्यात स्वयंसेवक नर्स म्हणून तीन महिने: काय तयारी करावी?

झुळूक_७
नमस्कार. बी.एस्सी. नर्सिंग झालंय, सध्या नाशिक जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात आहे. सप्टेंबरपासून तीन महिने युगांडात मसाकाच्या बाजूला मिशनच्या एका 'हेल्थ सेंटर थ्री'मध्ये (तिसऱ्या पातळीचं छोटं आरोग्य केंद्र) जायचं ठरतंय. संस्थेने पाठवलेल्या यादीत मच्छरदाणी आणि टॉर्च एवढंच आहे. कागदपत्रं, लसी, तिथलं रोजचं काम आणि शाकाहारी माणसाचं खाणं-राहणं, याबद्दल जाणकारांनी नीट सांगावं.

रानवाटा
आधी पिवळ्या तापाची लस. हे प्रमाणपत्र युगांडात शिरताना लागतं आणि भारतात परततानाही लागतं. नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यानंतर १० दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, मग ते आयुष्यभर चालतं. सरकारमान्य केंद्रांत ही लस बहुधा ठरावीक वारीच देतात, त्यामुळे तारीख महिनाभर आधी घ्या. हिपॅटायटिस बीचे तीन डोस झाले असतील, तरी अँटीबॉडीची पातळी तपासून घ्या.

व्हिसाबाबत संस्थेला स्पष्ट विचारा. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही, बिनपगारी असलं तरी. आणि युगांडाच्या नर्सेस अँड मिडवाइव्ह्ज कौन्सिलची तात्पुरती नोंदणी असल्याशिवाय रुग्णाला हात लावू नका. त्यासाठी पदवी, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि गुड स्टँडिंगचं पत्र (नोंदणी चालू आहे आणि तुमच्याविरुद्ध कारवाई नाही, असं कौन्सिलने लिहून दिलेलं) लागेल. हे पत्र मिळायला वेळ लागतो, म्हणून आजच अर्ज करा.

मलेरियाची प्रतिबंधक गोळी चुकवू नका. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा तिथला दुसरा पावसाळा, म्हणजे डास वाढायचा काळ. डॉक्सिसायक्लिन १०० मि.ग्रॅ. रोज, निघायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते परतल्यावर चार आठवडे. जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. या गोळीने त्वचा उन्हाला हळवी होते आणि मसाका जवळपास विषुववृत्तावर आहे, तेव्हा टोपी आणि पूर्ण बाह्या हव्यातच.

सुईदोरा
कामाबद्दल लिहितो, कारण जाणारे लोक तिथेच गडबडतात. सेंटर थ्रीचा प्रमुख बहुधा क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसलेला, पण रुग्ण तपासून औषध देणारा प्रशिक्षित माणूस) असतो. ओपीडी, प्रसूती, लहानशी लॅब एवढं तिथे असतं. सिझेरियन नाही, ते सेंटर फोरला, म्हणजे वरच्या पातळीच्या केंद्रात. सरकारी केंद्रांत २००१ पासून फी नाही, मिशनच्या केंद्रांत थोडी असते. त्यामुळे तुम्ही एक जादा तपासणी लिहिली की कुणाच्या तरी खिशातून पैसे जातात, हे कायम लक्षात असू द्या.

सकाळी आठला बाकांवर गर्दी असते, दुपारी दोननंतर ओसरते. एएनसी (गरोदर बायकांची तपासणी), लसीकरण आणि एचआयव्हीचे वार ठरलेले असतात. रुग्णाची फाइल म्हणजे त्याने आणलेली शाळेची वही. जे कराल ते त्या वहीत आणि केंद्राच्या रजिस्टरमध्ये, दोन्हीकडे लिहा. रजिस्टरवरून महिन्याचा अहवाल आणि औषधांची मागणी ठरते. नोंद राहिली तर पुढच्या महिन्यात गोळ्या कमी पडतात.

मलेरियाची रॅपिड टेस्ट रोज ढिगाने करावी लागेल. त्याच किटमधलं बफर (थेंबांनी टाकायचं द्रावण) वापरा, थेंब मोजून टाका, आणि टायमर लावून १५ किंवा २० मिनिटांनी वाचा, जे त्या किटच्या कागदावर असेल त्याप्रमाणे. घाईत आधी वाचली तर पुसट रेघ सुटते, फार उशिरा वाचली तर खोटी रेघ दिसू शकते. एचआरपी-२ प्रकारची (मलेरियाच्या जंतूचं त्या नावाचं प्रथिन शोधणारी) टेस्ट उपचारानंतरही काही आठवडे पॉझिटिव्ह राहते. म्हणून "मागचे औषध कधी घेतले?" हा प्रश्न टेस्टच्या आधी.

गंभीर मलेरियात आर्टेसुनेटचं इंजेक्शन. ६० मि.ग्रॅ.ची कुपी आधी सोबतच्या १ मि.ली. बायकार्बोनेटमध्ये विरघळवा, पाणी स्वच्छ दिसू द्या, मग शिरेतून द्यायचं तर ५ मि.ली. सलाईन (१ मि.ली.ला १० मि.ग्रॅ.), स्नायूत द्यायचं तर २ मि.ली. (१ मि.ली.ला २० मि.ग्रॅ.). २० किलोंखालच्या मुलाला किलोमागे ३ मि.ग्रॅ., २० किलो आणि त्याहून जास्त वजनाला २.४. वेळा ०, १२ आणि २४ तास. १२ किलोंच्या पोराला ३६ मि.ग्रॅ., म्हणजे शिरेतून ३.६ मि.ली. किंवा स्नायूत १.८. दोन पातळपणांची गल्लत झाली की डोस थेट दुप्पट किंवा निम्मा होतो. सिरिंजवर चिकटपट्टी लावून लिहा. तयार औषध तासाभरात संपवा, उरलेलं टाका. पेशंट गोळी गिळू लागला की तोंडावाटे पूर्ण कोर्स द्यायचाच, नाहीतर ताप परततो.

निर्जंतुकीकरणात मदत कराल तर खूप उपयोग होईल. '०.५ टक्के क्लोरीन' रोज सकाळी नवं करा. ब्लीचच्या बाटलीवर ३.५ टक्के असेल तर एक भाग ब्लीच, सहा भाग पाणी. टक्केवारी न वाचता नेहमीच्या मापाने ओतू नका, कारण बाटल्या बदलतात. ऑटोक्लेव्ह बहुधा स्टोव्हवरचा असतो. आधी आतली हवा पूर्ण निघून वाफ सलग येऊ द्या, मग झडप बंद, १२१ अंश, गुंडाळलेल्या गाठोड्याला ३० मिनिटं. हवा अडकली की काटा दाब दाखवतो, पण आत तापमान चढत नाही. ओलं गाठोडं बाहेर काढलं की ते पुन्हा अशुद्धच.

आणि तुम्ही परत गेल्यावर बंद पडेल असं काही सुरू करू नका.

झुळूक_७
खूप आभार. सुई टोचली तर काय?

सुईदोरा
पिळू नका. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच प्रमुखांना सांगा. पीईपी (एचआयव्हीची लागण टाळायची औषधं) ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं, शक्यतो दोन-चार तासांतच. कोर्स २८ दिवसांचा. केंद्रात एचआयव्हीचं क्लिनिक असेल तर औषध तिथेच मिळतं, पण पहिल्याच दिवशी विचारून ठेवा: औषध कुठे, कपाटाची किल्ली रात्री कुणाकडे? टोचायची वेळ बहुधा टोपण परत लावताना येते, म्हणून सुई थेट सेफ्टी बॉक्समध्ये टाका. तो तीन चतुर्थांश भरला की बंद करा.

घाटमाथा
खाण्याची अडचण नाही. पोशो (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा), राजम्यासारखे बीन्स, वाफवलेलं मटोके (हिरवी केळी), दाण्यांची आमटी आणि डोडो म्हणजे आपल्या माठासारखी पालेभाजी. चपातीही रस्त्यावर मिळते, 'रोलेक्स' मागितलं तर अंडं असतं. बीन्स आदल्या रात्री भिजत घाला, कोळशाच्या शेगडीवर भरपूर वेळ लागतो. गोडा मसाला आणि हिंग घेऊन जा, तूरडाळ कंपालाच्या भारतीय दुकानांत मिळते.

सोलरवर दिवे आणि मोबाईल चालतात, इस्त्री-किटली नाही. प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चपट्या पिनांचा, दोन अडॅप्टर घ्या. बाहेर वाळवलेले कपडे कोळशाच्या इस्त्रीने शिवणीसकट दोन्ही बाजूंनी दाबून इस्त्री करा. ओल्या कपड्यांवर मँगो फ्लाय अंडी घालते, अळ्या कातडीत शिरून फोडासारख्या दिसतात. आतले कपडे खोलीतच वाळवा. अनवाणी फिरू नका, जिगर नावाच्या पिसवा पायात शिरतात. व्हिक्टोरिया सरोवरात पोहणंही टाळा, बिलहार्झिया (पाण्यातून कातडीत शिरणाऱ्या कृमींचा आजार) होतो.

सकाळी कामाआधी "वासूझे ओट्या न्नो, न्याबो" (रात्र कशी गेली, बाई?) म्हणा, पुरुषाला "सेबो". पाणी कुठे, बस कधी, काहीही विचारण्याआधी हे व्हायला हवं. मोबाईल मनीसाठी सिम पासपोर्टवर नोंदवून घ्या, गावातला दुकानदारही मोबाईलवर पैसे घेतो. डॉलर मात्र नव्या आणि न दुमडलेल्या नोटांचे न्या, जुन्यांना भाव कमी मिळतो. बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर बसायचं तर हेल्मेट स्वतःचं न्या, चालकाकडे जादा असेलच असं नाही.